वेदना : पहिला बाण आणि दुसरा बाण

पाली भाषेतील 'वेदना' आणि आपल्या मराठीतील वेदना यांचा अर्थ एक नाही, हे धम्माच्या अभ्यासकाने प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत मात्र सुखद, दुःखद आणि सुखदही नव्हे व दुःखदही नव्हे, अशा तिन्ही प्रकारच्या संवेदनांना वेदनाच म्हणतात. पंचस्कंधांपैकी एक स्कंध तोच. संयुत्त निकायात 'वेदना संयुत्त' नावाचा स्वतंत्र भाग असून त्यातील सल्ल सुत्त विशेष प्रसिद्ध आहे. 'सल्ल' म्हणजे शल्य, शरीरात रुतलेला बाण.

या सुत्तात भगवान बुद्धांनी भिक्खूंना असे समजावले आहे की, शारीरिक वेदना सामान्य माणसालाही होते आणि धम्म जाणणाऱ्या श्रावकालाही होते. फरक पुढे पडतो. सामान्य माणूस शोक करतो, छाती पिटतो, घाबरतो. त्याची स्थिती एक बाण लागल्यावर लगेच दुसरा बाण लागलेल्या माणसासारखी होते. जाणत्या श्रावकाला पहिलाच बाण सोसावा लागतो, दुसरा त्याला लागत नाही.

हा दृष्टान्त आपल्या विहारांतून पुष्कळदा सांगितला जातो. परंतु त्याचा एक विपरीत अर्थही काढला जातो आणि प्रस्तुत लेख मुख्यतः त्यासाठीच लिहिला आहे. 'जीवन दुःखमय आहे असे बुद्धांनीच सांगितले, तेव्हा दुखणे सोसावे, गोळ्यांच्या मागे लागू नये' असे घरातील आजारी वृद्धांना सांगणारी माणसे आपल्यात आहेत. अशा माणसांनी सुत्त पुन्हा वाचावे. पहिला बाण तसाच रुतवून ठेवावा, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

उलट विनयपिटकात औषधांचा एक संपूर्ण खंधक आहे. चीवर, पिंडपात आणि शयनासन यांच्या जोडीने आजाऱ्याचे औषध हा भिक्खूचा चौथा प्रत्यय मानला आहे. जीवक वैद्याकडून स्वतः तथागतांनी उपचार करून घेतले. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे संघाला बजावले. मज्झिम निकायातील सेख सुत्तात तर कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर भगवंत आनंदाला म्हणतात की पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग; आणि आडवे होतात. पाठ दुखते हे सांगण्यात सम्यक् संबुद्धांना कमीपणा वाटला नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही शंका उपस्थित केली आहे की, सारे काही दुःखच अशा अर्थाने मांडलेली आर्यसत्ये मूळ उपदेशातील असू शकतील काय; कारण त्यामुळे धम्म निराशावादी ठरतो. धम्माच्या नावाने दुखणे सोसायला लावणाऱ्यांनी या प्रश्नाचाही विचार करावा.

आता विज्ञानाकडे वळू. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने दुखणे म्हणजे दोरी ओढून वाजवलेली घंटा, असे मानले होते. पाय भाजला की दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. जेवढी जखम तेवढे दुखणे. ही कल्पना फार काळ टिकली. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी तिला मोठा धक्का दिला. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार आहे आणि दुखण्याचा संदेश तेथून कमी किंवा अधिक प्रमाणात आत सोडला जातो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. गुडघा आपटला की आपण तो चोळतो. चोळण्याचे संदेश वाहणारे जाड मज्जातंतू ते दार काहीसे बंद करतात. मेंदूकडून खाली येणारे संदेशही तेच काम करतात. या सिद्धान्तातील बारकावे पुढे पुष्कळ बदलले, पण मेंदू केवळ निरोप घेणारा नाही, हा त्यातील गाभा टिकून राहिला. १९७५ साली तर शरीर स्वतःच अफूसारखे काम करणारी द्रव्ये तयार करते, हे स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे सिद्ध झाले.

(मिरचीने तोंडाची 'आग' का होते, याचाही उलगडा येथेच सांगण्यासारखा आहे. मिरचीतील द्रव्य ज्या ग्राहीला चिकटते, तीच ग्राही भाजणारी उष्णता ओळखते. तिचा शोध लावणारे डेव्हिड ज्यूलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बोलीने मिरची आणि विस्तव यांना एकच शब्द दिला, तो शास्त्राच्या कसोटीलाही उतरला.)

दुसऱ्या बाणाचे संशोधन अमेरिकेत झाले. झेन आणि विपश्यनेचा अभ्यास केलेले जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, नेहमीच्या उपचारांनी बरे न वाटलेल्या रुग्णांसाठी सतीच्या साधनेवर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला. २०११ साली फादेल झैदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यानाचा पूर्वानुभव नसलेल्या १५ निरोगी व्यक्तींना चार दिवस रोज वीस मिनिटे श्वासावर लक्ष ठेवण्यास शिकवले. मग पायाच्या पोटरीला ४९ अंश उष्णतेचा चटका देऊन मेंदूची चित्रे घेतली. ध्यान करीत असताना दुखण्याची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी जाणवली, तर त्याचा त्रास ५७ टक्क्यांनी कमी जाणवला. तीव्रता आणि त्रास ही दोन वेगळी मोजमापे आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. सुत्तातील दोन बाणांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

तथापि पंधरा माणसांच्या प्रयोगावरून 'बुद्धांनी सारे विज्ञान आधीच सांगितले होते' अशी आरोळी ठोकणे शहाणपणाचे नव्हे. मोठा प्रयोग पाहावा. २०१६ साली जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी दैनंदिन हालचालींत लक्षणीय सुधारणा झालेले रुग्ण साधनेच्या गटात सुमारे ६१ टक्के, विचार-वर्तन बदलण्याच्या मानसोपचाराच्या गटात ५८ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४४ टक्के होते. म्हणजे साधनेचा उपयोग झाला, पण मानसोपचाराचाही जवळजवळ तेवढाच झाला. आणि साधना करूनही दहांपैकी चौघांना तसा लाभ झाला नाही. त्या चौघांची साधना कमी पडली असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पहिल्या बाणावर औषध लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्या सुचवल्या : साधी वेदनाशामके, मग सौम्य अफूजन्य औषधे, मग मॉर्फिन. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन हे देशातील पहिले शुश्रूषागृह सुरू झाले. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन ठेवण्यासाठी अनेक खात्यांचे परवाने आणि चुकल्यास जबर शिक्षा अशी अवस्था केली होती. रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत मेले. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून कोझिकोड येथे वेगळा मार्ग घालून दिला. पुढे २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी परवान्यांची पद्धत सोपी झाली. तरीही 'मॉर्फिन म्हणजे आता शेवट' ही भीती नातेवाइकांत आहेच. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन दुखणे कमी करते, मरण ओढून आणत नाही.

याच्या उलट टोक अमेरिकेने गाठले. तेथे १९९६ नंतर अफूजन्य गोळ्या साध्या जुनाट दुखण्यासाठीही सर्रास दिल्या गेल्या आणि असंख्य माणसे व्यसनात गेली. ऑस्ट्रेलियातील २०२३ च्या एका अभ्यासात तर नव्याने उद्भवलेल्या कंबर व मानदुखीवर अफूजन्य औषध हे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. म्हणून औषध कोणते हे दुखण्याच्या जातीवर ठरते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजीन या नव्या औषधाला तात्कालिक तीव्र दुखण्यासाठी मान्यता मिळाली. ते मेंदूबाहेरील मज्जातंतूंतच संदेश अडवते आणि अफूच्या कुळातील नाही.

आता आपल्या समाजाच्या अगदी जवळचा विषय. विदर्भात आदिवासींप्रमाणेच बौद्ध समाजातही सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा सुरू होतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणे, अतिश्रम यांमुळे हा झटका येतो. बाहेरून जखम दिसत नाही, सूज असेलच असेही नाही. त्यामुळे वारंवार इंजेक्शन मागणाऱ्या तरुणाकडे नाटकी किंवा व्यसनी म्हणून पाहिले जाते. अमेरिकेत हा आजार प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना होतो आणि तेथेही हाच अनुभव आहे. व्हर्जिनियातील २०१६ च्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थी व शिकाऊ डॉक्टर यांपैकी सुमारे निम्म्यांनी, काळ्या माणसाची कातडी जाड असते यासारखी किमान एक खोटी समजूत खरी मानली. कष्टकऱ्यांची हाडे काटक, त्यांना काय दुखणार, हे वाक्य आपल्याकडे नवीन नाही. दुखणे कोणाचे खरे मानायचे, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नव्हे. नवजात बालकांनाही १९८० च्या दशकापर्यंत पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया केल्या जात. भारतीय वंशाचे डॉ. के. जे. एस. आनंद यांनी १९८७ साली ऑक्सफर्डमध्ये त्यातील धोका दाखवून दिला. बालके बोलून सांगू शकत नव्हती, एवढेच.

सिकलसेलच्या रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. १९९५ साली २९९ प्रौढ रुग्णांवरील अभ्यासात त्याने झटक्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासूनच घ्यावे लागते. २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगत्वाच्या यादीत घेतला असून १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय निर्मूलन अभियानही सुरू झाले. विवाह ठरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी रक्ततपासणी करावी. झटक्यात ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

वेदनेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संघटनेने २०२० साली आपली १९७९ ची व्याख्या सुधारली. व्यक्तीने आपल्या दुखण्याबद्दल जे सांगितले त्याचा आदर करावा, हे सूत्र तिच्या टिपांत स्पष्ट नोंदवले आहे. परंतु सांगणाऱ्यालाही नेमके सांगता आले पाहिजे. मेल्झॅक यांनी १९७५ साली रुग्णांच्या तोंडचे शब्द गोळा करून एक प्रश्नावली बनवली होती. आपल्या मराठीत असे शब्द भरपूर आहेत : ठणका, कळ, चमक, ठसठस, शूळ, पेटका, टोचणी, आग, मुंग्या. आग, मुंग्या आणि विजेसारखी चमक असेल तर बिघाड बहुधा मज्जातंतूंत असतो. त्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, औषधे निराळी असतात. आणि त्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंडे मात्र बिघडतात. 'अंग दुखतं' एवढेच सांगितले तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

संस्थेच्या आरोग्य शिबिरात नोंदणीसाठी बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच रुग्णाचा शब्द आहे तसा कागदावर उतरवावा. शून्य ते दहा या मापात दुखणे किती, असे पुस्तकी पद्धतीने विचारले तर आपल्या आयाबाया 'आहे जरासं' म्हणून मोकळ्या होतात. त्यापेक्षा काल रात्री किती वेळा जाग आली, पाण्याची कळशी उचलता येते का, जिना चढताना मध्ये कितीदा थांबावे लागते, हे विचारावे.