आरक्षण पडले म्हणजे जमीन गेली का?

प्रश्न : नगरपरिषदेच्या प्रारूप विकास आराखड्यात आमच्या सहा गुंठ्यांवर बगिच्याचे आरक्षण दाखवले आहे. जमीन आता नगरपरिषदेची झाली का?

उत्तर : आरक्षणाने मालकी बदलत नाही. सातबाऱ्यावरचे नाव तेच राहते. वापरावर मात्र बंधन येते. शिवाय प्रारूप आराखडा अंतिम नसतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार राजपत्रातील सूचनेपासून ३० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. अर्जाला सातबारा व मोजणीचा नकाशा जोडावा, आरक्षण क्रमांक स्पष्ट लिहावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्याची पोच घ्यावी. नगरसेवकाच्या तोंडी आश्वासनाची नोंद कुठेच होत नाही.

हरकत फेटाळली तरी जमीन फुकट जात नाही. संपादनाच्या वेळी रोख मोबदला किंवा संमतीने टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) मिळू शकतो. छोट्या शहरात टीडीआरला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षे उलटली आणि संपादन झाले नाही, तर कलम १२७ खाली खरेदी सूचना बजावता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. तोवर परवानगीशिवाय बांधकाम करू नये.