चार तासांचं गाव

पोरी, तिकिटावर छापलेली गावांची नावं आधी बाजूला ठेव आणि बोट नेमकी कुठल्या धक्क्याला लागणार ते शोधून काढ. जाहिरातीत सेव्हिल लिहितात, बोट लागते कादिझला. ग्रनाडा लिहितात आणि उतरवतात मालागाला, नाहीतर मोत्रिलला. सांतियागो लिहितात, धक्का असतो व्हिगोचा किंवा आ कोरुन्याचा. खोटं कुणी बोलत नाही, पण मधलं अंतर तुझ्या दिवसातून कापलं जातं. स्पेनमधला तुमचा प्रत्येक दिवस कसा जाणार हे या एकाच गोष्टीवर ठरतं: बोटीच्या शिडीपासून गाव किती लांब आहे?

मी बोटीवर गँगवेला, सिक्युरिटीत होतो, हे तुला माहीतच आहे. कोण हसत परत येतं आणि कोण धापा टाकत, हे सगळं त्या दारातून दिसायचं. शिवाय आम्हा लोकांना पोर्टवर कधी आख्खा दिवस मिळाला नाही. दोन ड्यूट्यांच्या मधले तीनेक तास, त्यातच घरी फोन, साबण-पेस्ट, एक कॉफी आणि उरलं तर गाव. त्यामुळे थोड्या वेळात काय जमतं आणि काय नाही, हे आम्हाला प्रवाशांपेक्षा जास्त कळतं. तू दादा-वहिनींना घेऊन निघाली आहेस, दादाचे गुडघे मला ठाऊक आहेत, म्हणून हे सविस्तर सांगतोय.

हिशोब नेहमी शेवटाकडून करायचा. वेळापत्रकात ‘आठ ते पाच’ लिहिलं असलं तरी ते नऊ तास तुझे नव्हेत. पाच ही बोट सुटायची वेळ. ‘ऑल अबोर्ड’ त्याआधी अर्धा तास, काही बोटींवर एक तास. तू स्वतःसाठी त्याच्याही आधी एक तास धर. सकाळीही आठला बोट धक्क्याला लागते, दोर बांधतात, स्थानिक अधिकारी परवानगी देतात, मग कंपनीच्या सहलींचे गट आधी सोडतात. लिफ्टपाशी गर्दी होते ती वेगळीच. पावणेनऊच्या आत जमिनीवर पाय पडला तर नशीब समज. म्हणजे नऊचे झाले पावणेसात. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा कर आणि जेवण वजा कर. जे उरतं तेवढंच तुझं गाव. बहुतेक वेळा ते चार तासांचं असतं आणि चार तासांत एकच मोठी गोष्ट बघून होते. दोन बघायला निघालेली माणसं दोन्हींच्या रांगाच बघून येतात.

‘पाच मिनिटांनी काय बिघडतं, थांबतील की’ असं दादा म्हणेल. थांबत नाहीत. बंदराबाहेर काढायला येणारा पायलट वेळ ठरवून बोलावलेला असतो, दोर सोडणारी माणसं धक्क्यावर उभी असतात, तो धक्का पुढच्या बोटीला दिलेला असतो आणि रात्रीत गाठायचं पुढचं बंदर ठरलेलं असतं. उशीर झाला की वेग वाढवायचा, म्हणजे तेल जाळायचं. कंपनीच्याच सहलीची बस अडकली असेल तर बोट थांबते, किंवा त्या लोकांना पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःच्या जिवावर गेलेल्यांसाठी नाही. शेवटी नावं पुकारतात आणि तरी कुणी आलं नाही तर त्याच्या केबिनमधली तिजोरी उघडून पासपोर्ट धक्क्यावरच्या पोर्ट एजंटकडे देतात. मग डेकवर उभे राहून लोक त्या पळत येणाऱ्यांचे व्हिडिओ काढतात. असल्या व्हिडिओत दादा नको.

म्हणून पोर्ट एजंटचा फोन नंबर रोज उतरण्याआधी लिहून घे. रोजच्या कार्यक्रमाच्या कागदावर किंवा बोटीच्या ॲपवर असतो. कागदाचा फोटो काढून चालेल, पण फोनची बॅटरी संपते हेही लक्षात ठेव. तिघांच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळ्या. काही बोटींवर पासपोर्ट रिसेप्शनलाच ठेवून घेतात, घाबरू नको. आणि व्हिसा शेंगेनचा मल्टिपल एन्ट्रीचाच माग. वाटेत टँजिअर किंवा कॅसाब्लांका असेल तर बोट शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येते, तेव्हा एका एन्ट्रीचा व्हिसा कामाचा नाही. मोरोक्कोचा व्हिसा वेगळा.

घड्याळ हा आणखी एक घोळ. स्पेनची मुख्य भूमी आणि कॅनरी बेटं यांच्यात एक तासाचा फरक आहे आणि पोर्तुगालही स्पेनच्या एक तास मागे. बोट कुठली वेळ पाळणार हे बोट ठरवते, आणि फोन मात्र जिथला टॉवर पकडेल तिथली वेळ दाखवतो. दादाचं ते जुनं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावून ठेव आणि त्याच्यावरच चालायचं. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर. बोटीचं रोमिंग लागलं तर बिल बघून वहिनीला चक्कर येईल.

आता गावं. माझं लाडकं कार्ताहेना. यादीत त्याचं नाव वाचून प्रवासी नाक मुरडतात, पण गुडघेवाल्यांसाठी सगळ्या स्पेनमध्ये याच्यासारखं पोर्ट नाही. बोट जवळजवळ गावाच्या उंबऱ्यात लागते. दहा मिनिटं सपाट रस्त्याने चाललं की नगरपालिकेची देखणी इमारत आणि तिच्यासमोरच रोमन थिएटरच्या म्युझियमचं दार. हे थिएटर दोन हजार वर्षांपूर्वीचं, पण १९८८ साली बांधकामासाठी खोदताना सापडलं. तोवर त्याच्यावर घरं आणि चर्च उभं होतं. राफाएल मोनेओ या वास्तुकाराने म्युझियम असं रचलंय की तुम्ही शहरातल्या एका इमारतीत शिरता, सरकत्या जिन्यांनी वर जाता, जुन्या चर्चखालच्या बोळातून चालता आणि एकदम उघड्यावर, थिएटरच्या पायऱ्यांच्या वरच्या अंगाला बाहेर पडता. तिथे दादाला बसव आणि अर्धा तास काही बोलू नको. नंतर बंदराजवळच नौदलाच्या म्युझियममध्ये इसाक पेरालची १८८८ सालची पाणबुडी आहे, विजेवर चालणारी. दादा आयुष्यभर मोटर वाइंडिंग करत आला, तो तिथून हलणार नाही. सोमवार असेल तर मात्र थिएटरचं म्युझियम बंद, तेव्हा वार आधी बघ. तिथली खास ‘आसियातिको’ कॉफी कुणी पुढे केली तर त्यात कंडेन्स्ड मिल्कबरोबर ब्रँडी आणि लिकर असतं, हे वहिनीला आधी सांग. दादाला सांगितलं नाहीस तरी चालेल.

मालागाला सगळे ग्रनाडाचं अल्हंब्रा करायला धावतात. अल्हंब्रा बघण्यासारखं आहेच, त्यात वाद नाही. पण मालागा ते ग्रनाडा सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. सकाळी मुंबईहून निघून पुणं बघून दुपारी परत येण्यासारखा तो कारभार. वर सांगितलेला हिशोब लाव: साडेदहाला पोचशील, दीडला निघावं लागेल, म्हणजे हाती तीन तास. त्यात चढउताराचं लांबलचक चालणं. शिवाय तिकीट माणसाच्या नावावर असतं, पासपोर्ट नंबरासकट, आणि नासरी राजवाड्यांत शिरायची वेळ छापलेली असते. ती वेळ हुकली की आत सोडत नाहीत. तिकिटं आधीच संपतात, ऐन वेळी दारात मिळतील असं समजू नको. जायचंच असेल तर इथे, फक्त इथे, बोटीच्या कंपनीची महाग सहल घे, कारण परत आणायची जबाबदारी त्यांची. मला विचारशील तर दादासाठी नको. मालागातच थांबा. धक्क्यापासून टॅक्सीने किंवा शटलने गावात जा, अल्काझाबाला मागच्या बाजूने लिफ्ट आहे, ती शोध. अकराव्या शतकातला मूरांचा किल्ला, कारंजी, संत्र्याची झाडं आणि खाली बंदरात उभी असलेली आपलीच बोट. अल्हंब्राची चव थोडी तरी मिळते. जवळच पिकासोचं म्युझियम, आणि तो १८८१ साली जन्मला ते घर प्लाझा दे ला मेर्सेदला.

कादिझला पुन्हा तोच मोह, सेव्हिलचा. रेल्वे स्टेशन बोटीपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि गाडीला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे लोकांना वाटतं सहज जमेल. जाऊन-येऊन साडेतीन तास गाडीतच गेले. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचा पारा चाळिशीच्या वर चढतो, आणि तुम्ही पोचता ते भर दुपारी. बोट रात्री उशिरा सुटणार असेल तर विचार कर, नाहीतर कादिझच बघ. बंदराच्या फाटकातून बाहेर पडलं की समोरच गाव. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं, तीन बाजूंनी समुद्र. १७१७ साली अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरी सेव्हिलहून इथे आली आणि व्यापाऱ्यांनी आपली गलबतं दिसावीत म्हणून घराघरावर टेहळणीचे मनोरे चढवले. अजून शंभरावर उभे आहेत. रस्त्यावर रंगीत पट्टे आखलेत, एका रंगाचा पट्टा धरून चालत राहायचं, तो गाव दाखवतो. तोर्रे ताविरा मनोऱ्यावर जायला पायऱ्या भरपूर आहेत, तिथे तू एकटी जा आणि या दोघांना ला कालेताच्या वाळूवर बसव.

बार्सिलोना वेगळं. बंदर प्रचंड आहे, मोठ्या बोटी लांबच्या धक्क्याला लागतात. तिथून कोलंबसच्या पुतळ्यापर्यंत बस जाते, पुढे रांब्ला आणि मेट्रो. तिघं असाल तर टॅक्सीच कर. मीटरवर क्रूझ टर्मिनलचा वेगळा आकार लागतो, तो फसवणुकीचा नव्हे. सग्रादा फामिलियाची तिकिटं फक्त ऑनलाइन आणि वेळेची. घरूनच काढ, आणि सकाळची पहिली वेळ घेऊ नको, बोट अर्धा तास उशिरा लागली तर गेली. अकराच्या आसपासची घे. १८८२ साली सुरू झालेलं बांधकाम आपण घाई केल्याने संपणार नाही, पण रंगीत काचांतून ऊन आत उतरताना बघायला मिळतं. पार्क ग्वेल त्याच दिवशी नको, चढ आहे. खिसेकापू मात्र खरोखर हुशार. मेट्रोच्या दारात कुणी अंगावर आलं, शर्टावर काही सांडलं, नकाशा पुढे धरला, की हात पर्सवर. फोन कॅफेच्या टेबलावर ठेवायचा नाही.

पाल्मात कॅथीड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं. सोयेरला जाणारी लाकडी डब्यांची रेल्वे १९१२ पासून चालते, डोंगरातून तासभराचा प्रवास, वहिनीला फार आवडेल. पण परतीच्या गाडीला सगळ्या बोटींची गर्दी एकदम लोटते. जाताना रेल्वे, येताना बस किंवा टॅक्सी, बोगद्यातून लवकर पोचता. व्हॅलेन्सियाचं बंदर गावापासून लांब आहे, शटल घ्या, बाजारात जा, समोर रेशमाच्या व्यापाऱ्यांचा ला लोन्हा बघा, परत या. बाजार दुपारी तीनपर्यंतच आणि रविवारी बंद.

सुट्ट्यांचं म्हणशील तर १५ ऑगस्टला तिथेही सुट्टी, १२ ऑक्टोबरला सुट्टी, वर प्रत्येक गावाची आपली जत्रा. सप्टेंबरच्या २४ला बार्सिलोनाची. जत्रेत गाव बघायला बहार असते, दुकानं मात्र बंद. लहान गावांत दोन ते पाच शटर खाली. जेवण एकच्या आधी मिळत नाही, लोक दोनला बसतात. बोट सोडताना पोटभर नाश्ता करा आणि दुपारी थोडंच खा. ऑर्डर दिल्यावर पाएया शिजायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि बहुतेक ठिकाणी दोघांपासूनच मिळतो, तेव्हा परतीच्या घाईत तो मागवू नको.

वहिनीचं खाणं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर सॅलडवर ट्यूना येतो, भाजीत हामोनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे येतात. ‘नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन’ असं तिन्ही नावं घेऊन सांग. पान कोन तोमाते, तळलेल्या पादरोनच्या मिरच्या, आणि आंदालुसियात पालक-हरभऱ्याची भाजी, तिला जिऱ्याचा वास असतो. मालागात मधासारख्या उसाच्या काकवीत घोळलेली वांगी. गाझपाचो चालेल, पण साल्मोरेखोवर अंडं आणि हामोन घालतात. व्हॅलेन्सियात ओर्चाता, त्यात दूधही नसतं. बोटीच्या बुफेतलं खाणं पिशवीत घालून खाली न्यायचं नाही, गँगवेला अडवतात. अडवणारा मीच होतो.

वारा सुटला की कॅप्टन पोर्ट रद्द करतो, विशेषतः कादिझकडे. कंपनीची सहल असेल तर पैसे परत मिळतात, तू स्वतः काढलेल्या तिकिटांचे मिळतीलच असं नाही. म्हणून रद्द करता येणारी तिकिटं बघून घे, दोन पैसे जास्त गेले तरी.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, सकाळी त्या थेट टर्मिनलवर मिळतात. लोक उत्साहाने सगळं भरून टाकतात आणि सकाळी अंगावर घालायला काही उरत नाही. टर्मिनलवर झोपायच्या लेंग्यात उतरलेले साहेब मी पाहिलेत. उद्याचे कपडे, चपला, चार्जर, कागदपत्रं आणि दादाच्या रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव. आणि त्या दिवशीचं विमान दुपारनंतरचं घे.