रोजच्या वापराची पद्मिनी: आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, ओढ नंतर

प्रीमियर पद्मिनी घेतली की पहिली तक्रार असते ती गाडीला ओढ नसल्याची. १०८९ सीसीचं इंजिन आणि जेमतेम ४० हॉर्सपॉवर. आजच्या साध्या हॅचबॅकपुढे हे आकडे लहानच दिसतात. तरी लगेच इंजिन खोलायला देऊ नका. कुर्ल्यात बनलेल्या याच गाड्या मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत काळी-पिवळी म्हणून धावल्या. शहरापुरती ताकद तिच्यात आहे. बहुतेक वेळा ती वाटेतच खर्ची पडते.

ती कुठे जाते ते शोधा. ब्रेक फारसा न वापरता थोडं अंतर चालवून थांबा आणि चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एखादं चाक इतरांपेक्षा तापलं असेल, तर तिथला ब्रेक धरतोय. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लचप्लेट घसरतेय. मग पॉइंट, प्लग, टायमिंग. कम्प्रेशन तपासल्याशिवाय इंजिनकामाला होकार देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खरा पैसा आणि लक्ष घालायचं ते स्टिअरिंगमध्ये. पुढचं चाक जॅकवर उचला, वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला, तर बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला, तर किंगपिन झिजलाय. किंगपिनला नियमित ग्रीस मिळालं तर तो वर्षानुवर्षं टिकतो. ग्रीस भरताना जुनं, काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायला लावा. गॅरेजमध्ये स्वतः उभं राहून हे करून घ्यावं.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, बूस्टर नाही. त्यामुळे पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा. खंडाळा उतरताना वरूनच खालचा गिअर टाका. पाय सतत ब्रेकवर राहिला तर ड्रम तापून पकड जाते. पाण्यातून गाडी काढल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून ड्रम सुकवा. पहिल्या पावसात तर जास्तच जपा: मागचा भाग हलका आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे ओल्या वळणावर जोरात ॲक्सिलरेटर दिला की शेपूट सरकते. वेग वळणाआधीच कमी करा. टायर चारही एकाच प्रकारचे हवेत. रेडिअल आणि जुने क्रॉसप्लाय एकत्र नकोत.

जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाका.

आणि पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं आणि तडकतं. पाइप इथेनॉलला टिकणारेच मागा, आणि महिन्यातून एकदा बॉनेट उघडून प्रत्येक जोडाशी पेट्रोलचा वास येतोय का ते बघा.