गुरुजी, ससा आणि कंपवात

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी तपासणीला आले ते वर्तमानपत्राचे कात्रण घेऊनच. मथळा होता, ‘उंदरांचा कंपवात बरा झाला’. सावकाश खुर्चीत बसत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टर, गणपतीच्या वाहनाचा आजार बरा झाला म्हणे. भक्ताचा नंबर कधी?’’

मला हसू आवरेना. त्यांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. ‘‘बोलणं हे असं आणि चेहरा दगडासारखा. चहा पुढे ठेवला तरी हसून बघणं नाही. माझ्यावर कसला राग धरलाय कोण जाणे,’’ असे म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

त्या दोघांना मी सशाची गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांना सांगतो.

कान पाडून बसलेला ससा

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. तिच्यामुळे रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडले. पुढे तिच्या मुळातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी हे रेसरपिन सशांना टोचले, तेव्हा ससे कान पाडून जागच्या जागी निपचित बसले. मग त्यांना ‘डोपा’ हे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात कान उभे राहिले, ससे हिंडू लागले! हे साल होते १९५७.

यातून कळले ते असे. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. हालचालीचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोहोचायला ते लागते. ते संपले की इच्छा असूनही शरीर हलत नाही. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत हेच रसायन फार कमी झालेले असते, हे १९६० साली व्हिएन्नात दिसून आले. १९६७ साली अमेरिकेत डॉ. जॉर्ज कोटझियास यांनी तोंडाने घ्यायचा उपचार यशस्वी करून दाखवला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. गुरुजींची आजची लेव्होडोपाची गोळी ही त्या सशांचीच देणगी.

‘‘काकू,’’ मी म्हटले, ‘‘तो ससा रुसला नव्हता. गुरुजीही रुसलेले नाहीत. हसायलाही स्नायू लागतात आणि त्यांना हुकूम पोहोचत नाही. हसू आत आहे, ते चेहऱ्यावर येत नाही एवढंच.’’

उंदीर बरा होतो, मग माणूस का नाही?

उंदराला कंपवात आपोआप होत नाही. विष टोचून किंवा जनुकांत बदल करून तो आणावा लागतो. विषाने त्याच्या मेंदूतील पेशी थोड्या दिवसांत मरतात, माणसात मात्र ही झीज वर्षानुवर्षे चालते. शिवाय परीक्षाही वेगळी. फिरत्या दांड्यावर तोल सांभाळला की उंदीर पास. त्याला सदऱ्याची गुंडी लावायची नसते, की पेन्शनच्या कागदावर सही करायची नसते!

स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे अल्झायमरच्या, बाबतीत असेच घडले. १९९९ साली एका लसीने उंदरांच्या मेंदूत साचलेले प्रथिन कमी झाले. माणसांवर चाचणी सुरू झाली, पण काहींच्या मेंदूला सूज आल्याने २००२ साली ती थांबवावी लागली. म्हणून असे मथळे वाचून आशा जरूर धरावी, पण चालू औषध सोडू नये.

मुक्या जिवांचे ऋण

विष देऊन कंपवात आणलेल्या माकडांवरील प्रयोगांतून १९९० साली मेंदूतील एका छोट्या केंद्राचे महत्त्व कळले. आज निवडक रुग्णांत त्याच जागी बारीक तार बसवून कंप आणि ताठरपणा कमी करता येतो. हे ज्ञान त्या जिवांच्या यातनांतून आले, हे नाकारून चालणार नाही. शक्य तिथे प्राणी वापरू नयेत, वापरलेच तर कमीत कमी आणि कमीत कमी वेदना देऊन, ही तत्त्वे १९५९ साली मांडली गेली. आपल्याकडेही १९६०च्या कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

१. लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळीच द्यावी. साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिनांमुळे तिचा गुण कमी पडू शकतो.

२. गोळी एकाएकी बंद करू नये. त्यात धोका असतो.

३. खाजकुइलीच्या बियांत मुळातच लेव्होडोपा असते. तिचे चूर्ण परस्पर सुरू करू नये.

४. ‘मुद्दाम हळू करतात’ असे म्हणू नये. गुंडी लावायला दहा मिनिटे लागली तर लागू द्यावीत.

५. रुग्णाबरोबर हसावे, रुग्णाला हसू नये.

परवा दोघे पुन्हा आले. काकू म्हणाल्या, ‘‘आता मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही, शब्दांकडे लक्ष देते. दिवसातून चारदा हसते.’’ गुरुजींचा चेहरा तसाच होता. निघताना दारात थांबून म्हणाले, ‘‘डॉक्टर, त्या सशाला माझा नमस्कार सांगा. आणि म्हणावं, कान टवकारायचं तेवढं राहिलंय.’’