टोरोंटोला निघणाऱ्या इंजिनीअर मंडळींसाठी

आधी ट्रान्सक्रिप्टचं बघा. पुण्यात किंवा मुंबईत असतानाच ती विद्यापीठातून काढून घ्या. इथे आल्यावर म्हाताऱ्या वडिलांना विद्यापीठाच्या खिडकीशी रांगेत उभं करावं लागतं. आमच्यातल्या दोघातिघांनी ते केलंय आणि अजून त्याची खंत आहे.

व्हिसासाठी केलेलं पदवीचं मूल्यांकन म्हणजे परवाना नव्हे. परवाना 'प्रोफेशनल इंजिनीअर्स ओंटारिओ' देते. तो मिळेपर्यंत परवानाधारक इंजिनीअरच्या हाताखाली काम करता येतं, पण स्वतःला 'इंजिनीअर' म्हणवता येत नाही. आम्ही आलो तेव्हा परवान्याला बारा महिन्यांचा कॅनडातला अनुभव लागायचा, आणि तो मिळवायला नोकरी कुणी देत नसे. मे 2023 मध्ये ती अट गेली. आता चाकण-भोसरीतला अनुभवही धरतात, मात्र त्याची साक्ष द्यायला माणसं लागतात. म्हणून निघण्यापूर्वी जुन्या साहेबांना भेटा, त्यांचे फोन-ईमेल घ्या, कोणतं काम कधी केलंत ते लिहून ठेवा.

1 जानेवारी 2026 पासून पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला ओंटारिओत नोकरीच्या जाहिरातीत 'कॅनडाचा अनुभव हवा' असं लिहिता येत नाही. मुलाखतीत शंका निघतेच. तेव्हा केलेल्या कामाचे आकडे सांगा.

घरभाड्यासाठी वेअरहाउसमध्ये काम करावं लागलं तर जरूर करा, त्यात कमीपणा नाही. रात्रपाळी मात्र टाळा. दिवसा झोप, त्यामुळे मुलाखती चुकतात, परवान्याची परीक्षा पुढे ढकलली जाते. आमच्या एका घरात 'सहाच महिने' म्हणता म्हणता चार हिवाळे गेले. हातची सवय सुटली, त्याहून जास्त मनाची उभारी गेली. पहिल्याच दिवशी सोडण्याची तारीख ठरवा.

बँका, टेलिफोन कंपन्या, विमान कंपन्या यांना केंद्राचा रोजगार समता कायदा लागू आहे. तिथे 'तुम्ही दृश्य अल्पसंख्याक आहात का' विचारणारा फॉर्म येतो. ऐच्छिक असतो, पण भरा. भरती-बढतीची वार्षिक आकडेवारी त्यातूनच बनते. आम्ही बरीच वर्षं घाबरून तो कोरा ठेवला.

आणि घरात दोघंही शिकलेली असतील, तर बायकोचा परवाना 'नंतर बघू' म्हणू नका. दोघांच्या परीक्षांची फी पहिल्या वर्षाच्या खर्चात धरूनच निघा.