अंगण, मंच आणि गोंधळ : परभणी परिसराच्या संदर्भात एक टिपण

लोकगीताच्या अभ्यासात संहितेला जेवढे महत्त्व मिळाले तेवढे तिच्या सादरीकरणाच्या जागेला मिळालेले नाही. गीत कोणत्या छंदात आहे, त्यात कोणती दैवतकथा आली आहे, भाषेत कोणती जुनी रूपे टिकून आहेत, या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ते गीत कोणाच्या दारात, कोणत्या प्रहरी आणि कोणत्या निमित्ताने गायिले गेले, हा तपशील बहुधा संकलनाच्या प्रस्तावनेतील दोन ओळींत संपतो. परभणी जिल्ह्यातील गोंधळपरंपरेकडे या दृष्टीने पाहिले असता जागेचा हा प्रश्न गौण राहत नाही.

गोंधळ हा मुळात कुळाचार आहे. लग्नकार्यानंतर किंवा नवस फेडताना यजमानाच्या घरी चौक मांडला जातो. पाटावर नवे वस्त्र, धान्य, कलश, नारळ आणि शेजारी तेवती दिवटी. संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने नायक प्रथम गण गातो व नंतर देवतांना गोंधळास येण्याचे आवाहन करतो. परभणी परिसराचे भौगोलिक स्थान येथे लक्षात घेण्याजोगे आहे. एका बाजूस माहूरची रेणुका, दुसऱ्या बाजूस तुळजापूरची भवानी आणि जवळच अंबाजोगाईची योगेश्वरी. गोंधळ्यांतील रेणुराई आणि कदमराई हे भेद अनुक्रमे पहिल्या दोन पीठांशी निगडित आहेत. आवाहनातील स्थलनामांची मालिका म्हणजे केवळ स्तुती नव्हे. यजमान कुटुंबाच्या श्रद्धेचा तो नकाशाच असतो.

या परंपरेचे मूळ शोधताना अभ्यासकांनी भूतमातृमहोत्सवाकडे आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘गौंडली’ नृत्याकडे लक्ष वेधले आहे. रा. चिं. ढेरे यांच्या लेखनामुळे हा धागा मराठी वाचकांना परिचित आहे. तो मान्य केला तर गोंधळाच्या इतिहासात जागा यापूर्वीही बदललेली आहे, असे म्हणावे लागते. लोकोत्सवातून राजसभेत आणि तिथून पुन्हा लोकाचारात असा हा प्रवास असू शकेल. म्हणून आजच्या मंचाला सरसकट ‘ऱ्हास’ म्हणणे घाईचे ठरेल.

या संदर्भात एक दूरचे उदाहरण उपयोगी पडते. विसाव्या शतकाच्या पन्नाशी-साठीत अमेरिकेत लोकगीत गाणारे गट कॉफीगृहांत जमू लागले. न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेजमधील ‘गॅसलाइट’ आणि केंब्रिजमधील ‘क्लब ४७’ ही दोन्ही ठिकाणे १९५८ मध्ये सुरू झाली. गाणारे बहुतेक तरुण शहरी होते. डोंगराळ प्रदेशातील शेतकऱ्यांची वा खाणकामगारांची गीते त्यांच्यापैकी अनेकांनी ध्वनिमुद्रिकांवरून, विशेषतः हॅरी स्मिथ यांनी १९५२ मध्ये संपादित केलेल्या संग्रहावरून आत्मसात केली. काही कॉफीगृहांत गायकाला ठराविक बिदागी नसे; श्रोत्यांमध्ये टोपली फिरवली जाई आणि तीत पडेल ती त्याची कमाई.

टोपली फिरते आणि गोंधळ्याची थाळीही फिरते. वरवरचे हे साम्य मात्र फसवे आहे. टोपलीतले नाणे गायकाच्या गाण्याला दिलेले असते. आवडले नाही तर श्रोता ते देत नाही. चौकावरचे दान देवीच्या नावे दिले जाते आणि गोंधळी त्याचा परंपरेने ठरलेला मानकरी असतो. गाणे त्या रात्री बरे झाले की नाही, यावर ते अवलंबून नसते. कॉफीगृहातील श्रोता रसिक असतो, अंगणातील श्रोता विधीचा सहभागी असतो. त्याला झोप लागली तरी गोंधळ पूर्ण होतो!

हा भेद आख्यानाच्या अर्थापर्यंत कसा पोचतो, हे जांभूळ आख्यानावरून स्पष्ट होते. संस्कृत महाभारतात नसलेल्या या कथेत द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी जागलेली ओढ कृष्ण ओळखतो. वनात तोडले गेलेले जांभूळ पुन्हा देठाला लागावे यासाठी प्रत्येकाने आपल्या मनातले खरे सांगायचे असते. पांडव सांगतात; अखेर द्रौपदीलाही सांगावे लागते. परभणीचे गोंधळी राजाराम कदम यांचे नाव या परंपरेत आदराने घेतले जाते. विठ्ठल उमप यांनी हेच आख्यान नागर रंगमंचावर गाजवले. मंचावर ही कथा धीट, नाट्यपूर्ण आणि विनोदाच्या अंगाने रंगते, यात शंका नाही. परंतु लग्नघरच्या गोंधळात हीच कथा लागली तर समोर नवी सून बसलेली असते, तिची सासू असते, माहेरची माणसे असतात. पतिव्रतेच्या मनातही सहावा पुरुष येऊ शकतो आणि सत्य बोलल्याने ती कलंकित न होता कथेचा पेच सोडवते, हे देवीच्या चौकासमोर, कुटुंबाच्या साक्षीने उच्चारले जाते. मंचावर जो धीटपणा कलावंताचा ठरतो, तो अंगणात विधीने दिलेला असतो. संहिता तीच, तिची सामाजिक धार मात्र वेगळी. छापील पाठावरून हा फरक कळण्याची शक्यता जवळजवळ नाही.

मंचाने आणखी एक गोष्ट केली, ती म्हणजे वेळ आखडली. रात्रभराचा विधी अर्ध्या तासात बसवताना पहिला घाला आवाहनावर पडतो, कारण देवतांची नामावली परक्या श्रोत्याला कंटाळवाणी वाटते. साथीदाराचे मध्येच टोकणे, त्याचे भाबडे प्रश्न, त्यामुळे नायकाने कथेला दिलेले स्थानिक वळण हेही कमी होते. उरतो तो संबळाचा ठेका, पोषाख आणि द्रुत लयीतील गीत.

तथापि या हिशेबात गोंधळ्याची बाजू वगळणे अन्यायाचे होईल. गोंधळी समाज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. अंगणातील मानाला जातिव्यवस्थेने ठरवलेल्या अंगभूत सेवेची बाजू होती. मान चौकापुरता आणि मागणे वर्षभराचे. मंचाने त्याला मानधन दिले, नाव दिले आणि ‘कलावंत’ ही ओळख दिली. ज्या जागेवर अभ्यासकाला विधीचा संकोच दिसतो, त्याच जागेवर गोंधळ्याच्या मुलाला मोकळीक दिसत असेल. अंगणातला गोंधळ जसाच्या तसा राहावा, ही अपेक्षा बहुधा अंगणाच्या मालकाची असते.

म्हणून परभणी परिसरातील गोंधळाचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याने संहितेबरोबर काही साध्या नोंदी कराव्यात : गोंधळ कोणत्या कार्याचा होता, चौक कोणत्या कुळाचा होता, आवाहनात कोणती गावे आली व कोणती गळाली, समोर स्त्रिया किती वेळ बसून होत्या, थाळी केव्हा फिरली. मंचीय प्रयोगाचीही नोंद याच काटेकोरपणे व्हावी. तेथे आयोजक कोण, वेळ किती दिला होता आणि आख्यानातला कोणता भाग गायकाने स्वतः गाळला, हे विचारावे. गाळलेला भाग त्याच्याकडून नंतर निवांतपणे गाऊन घेता येतो, आणि तो का गाळला याचे कारण त्याच्याइतके नेमके दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.