राणीच्या बागेला जायचं, पण मंगळवारच्या गाडीने नाही

सगळ्यात आधी एकच सांगतो. बुधवारी जाऊ नका. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते आणि तिच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही. मी हे शिकलो ते बंद फाटकासमोर उभं राहून. सोबत दोन भाचे आणि काकू. आसेगावहून अकोला, तिथून रात्रभराची गाडी, जवळजवळ सहाशे किलोमीटर, आणि समोर कुलूप. काकू एवढंच म्हणाल्या, "आपल्याकडं बाजाराचा वार इचारल्याबिगर कोणी बैल इकायला नेत नाही." त्या बुधवारी सार्वजनिक सुट्टी असती तर बाग उघडी सापडली असती आणि दुसऱ्या दिवशी बंद. तेव्हा कॅलेंडर पाहूनच आरक्षण करा. मंगळवारी रात्रीची गाडी आपल्या कामाची नाही.

आरक्षण 60 दिवस आधी खुलतं. दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर त्याच दिवशी करून टाका. अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती–मुंबई गाडी रात्री मिळते आणि सकाळी मुंबईत उतरवते. समृद्धी महामार्ग आपल्या वाशीम जिल्ह्यातून गेल्यापासून ट्रॅव्हल्सही सोयीच्या झाल्या आहेत, पण म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन जायचं तर मी रेल्वेच म्हणेन. पाय मोकळे करता येतात.

आता एक युक्ती. बहुतेक जण दादरला उतरतात आणि तिथून लोकलने भायखळ्याला जातात. नकाशात ते जवळचं दिसतं. पण सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई दक्षिणेकडे कामाला निघालेली असते. त्या गर्दीत पिशव्या आणि पोरं सांभाळत डब्यात शिरणं आपल्याला जमत नाही. गाडीतून उतरूच नका, थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जा. तिथल्या प्रतीक्षालयात तोंड धुवा, कपडे बदला, कुलूप लावलेल्या बॅगा क्लोकरूममध्ये ठेवा (बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं). मग उलट दिशेची धीमी लोकल पकडा: मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. सकाळी त्या दिशेला बसायलाही जागा मिळते. भायखळा स्टेशन 1853 साली सुरू झालेल्या, देशातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेमार्गावरचं. त्याचं जुनं रूप पुन्हा उजळवलं म्हणून 2022 साली त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. उतरल्यावर दोन मिनिटं वर मान करून पाहा आणि पूर्वेच्या बाजूने बाहेर पडा. बाग पायी दहा मिनिटांवर.

बाग साडेनऊला उघडते. 2017 साली ठरलेले दर असे होते: मोठ्यांना 50 रुपये, लहान मुलांना 25, आणि आई-बाप व दोन मुलांच्या कुटुंबाला मिळून 100. दर वाढू शकतात, म्हणून हिशेबापेक्षा थोडे पैसे जास्त ठेवा. पाटीवरचं नाव मुद्दाम वाचा: वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा, म्हणजे आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातलं. टॅक्सीवाल्याला मात्र 'राणीची बाग'च सांगा. त्यातली राणी व्हिक्टोरिया. 19 नोव्हेंबर 1862 रोजी बाग खुली झाली तेव्हा बागेला या राणीचंच नाव होतं.

आत शिरल्यावर पोरं पेंग्विनकडे ओढतात. जाऊ द्या, नाहीतर दिवसभर भुणभुण ऐकावी लागेल. हंबोल्ट जातीचे हे पक्षी 2016 साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले. त्यांचं मूळ घर पेरू-चिलीचा समुद्रकिनारा. काचेपलीकडच्या त्यांच्या घरात एसी लावून गारवा राखलेला असतो. मे महिन्यात वाशीमहून गेलेला माणूस तिथे जरा जास्तच वेळ रेंगाळतो. शनिवारी-रविवारी रांग मोठी असते, म्हणून हे काम उघडल्या उघडल्या उरकून घ्या. हरणं पाहायला मात्र फार थांबू नका. आपल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट मोकळी फिरतात, आणि रोही तर आपण रोजच वावरातून हाकलतो.

त्यानंतर झाडं पाहा. माझ्या मते राणीच्या बागेला जायचं ते यासाठी. ही बाग मुळात प्राण्यांसाठी नव्हतीच; शेती आणि बागकामाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी ती झाडांसाठी उभारली, प्राणी मागाहून आले. पुढे बागेच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा आला तेव्हा मुंबईतल्या काही बायकांनी याच झाडांसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. शहरातली माणसं इथे पाट्या वाचत फिरतात. आपल्याला निम्म्या पाट्यांची गरज पडत नाही, ही आपली श्रीमंती. नंतर बाग उघडी सापडली तेव्हा काकूंनी तर बेल, बेहडा, पळस लांबूनच ओळखून एका शाळेच्या सहलीला नावं सांगितली.

जी झाडं आपल्याकडे सहसा दिसत नाहीत, तीच शोधा. गोरखचिंचेचा बुंधा पाहा. हे झाड आफ्रिकेतलं, खोडात पाणी साठवणारं, आणि बुंधा असा की चार माणसांनी हात धरले तरी कवेत यायचा नाही. कृष्णवडाची खाली पडलेली पानं उचलून बघा, देठाशी दुमडून त्याचा द्रोण झालेला असतो. पण झाडावरचं पान तोडू नका. कैलासपतीची फुलं फांदीला नाही, थेट खोडाला लागतात. पाकळ्या उघडल्या की पिंडीवर नाग फणा काढून बसल्यासारखं दिसतं. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी हिवाळ्याच्या शेवटी फुलते. ती फुललेली सापडली तर बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल. याच कारणासाठी मी जानेवारी-फेब्रुवारी सुचवतो. तोवर कापूस-तूर घरी आलेली असते आणि ऊनही चढलेलं नसतं.

दुपारी बारानंतर संग्रहालयात जा. सावली मिळते, बसायला मिळतं. दारापाशी काळ्या दगडाचा मोठा हत्ती दिसेल. हा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे इथे पडून राहिले आणि 1914 मध्ये ते जोडले. सांधे अजून दिसतात, पोरांना शोधायला लावा. मुंबईतल्या काळा घोडा चौकाचं नाव ऐकलं असेल; तो घोड्याचा पुतळा आणि त्यावरचा सातवा एडवर्ड 1965 पासून याच बागेत आहे. त्या चौकाला मात्र नाव तेच राहिलं.

संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं. ते आणि ही बाग उभी राहावी म्हणून खटपट करणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट पुढे होते. भाऊ दाजी डॉक्टर तर होतेच, पण जुने शिलालेख वाचण्याचाही त्यांना नाद. 1975 साली संग्रहालयाला त्यांचं नाव दिलं. आत सोनेरी कडांचे खांब आणि छत बघून पोरं गप्प होतात. पण वेळ द्या तो मातीच्या छोट्या बाहुल्यांना: जुने धंदे, पोशाख, माणसं. इथलं तिकीट वेगळं काढावं लागतं.

खाण्याचं म्हणाल तर पोटभर नाश्ता स्टेशनवरच करून घ्या. भाकरी-ठेच्याचा डबा सोबत असेल तर फाटकावर विचारा, ते सांगतील तसं करा. पिंजऱ्याजवळ काहीच काढू नका. माकडाला शेंगदाणे टाकणं ही माया नव्हे. पाण्याची बाटली घरची न्या. काकूंच्या गुडघ्यांमुळे आम्ही दर अर्ध्या तासाला बाकावर बसलो आणि खरं तर त्यामुळेच बाग नीट दिसली.

चारच्या सुमारास निघा. परतीच्या गाड्या संध्याकाळी सात-आठच्या दरम्यान सुटतात. नेमकी वेळ आदल्या दिवशी पुन्हा बघून घ्या. संध्याकाळी मुंबई उत्तरेकडे घरी निघते आणि आपण टर्मिनसकडे, म्हणजे पुन्हा गर्दीच्या उलट. क्लोकरूमची पावती कोणा एकाच्याच खिशात ठेवा, आणि तो कोण हे बॅगा ठेवतानाच ठरवा. आम्ही ती भाच्याकडे दिली होती. निघायच्या वेळी ती कृष्णवडाच्या पानासोबत त्याच्या वहीत सापडली.